मागच्या आसनावरील शिक्षक

मद्रास शहरातून आगगाडीने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी सेंट थॉमस माउंटची टेकडी आणि मीनंबाक्कमचा विमानतळ मागे टाकतो व थोड्याच वेळात तांबरमला पोहोचतो. मद्रासचे चेन्नई झाले ते १९९६ साली. तांबरमचे नाव मात्र होते तेच राहिले, आणि तेथील लष्करी विमानतळावर चालणारी एक आगळी शाळाही आपल्या जागी राहिली. भारतीय हवाई दलाची ही शाळा १९४८ साली अंबाला येथे निघाली आणि १९५४ साली तांबरमला आली. तिचा प्रवेशाचा नियम मोठा विलक्षण आहे. ज्याला विमान चालविता येत नाही, त्याला तेथे जागा नाही. आकाशात शेकडो तास काढलेले, आपल्या कामात मुरलेले वैमानिक तेथे विद्यार्थी म्हणून येतात. कारण ती वैमानिकांची शाळा नव्हे, वैमानिकांच्या शिक्षकांची शाळा आहे. ‘विद्या दानेन वर्धते’ हे तिचे ब्रीदवाक्य.

ज्याला उत्तम उडता येते त्याने पुन्हा शिकावयाचे ते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर खेड्यातल्या विहिरीवर मिळते. मुलाला पोहावयास शिकविताना त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडतात आणि दोराचे दुसरे टोक काका किंवा मामा काठावर धरून उभा राहतो. दोर सतत ताणून धरला तर पोर सुखरूप राहते, पण त्याला पोहणे काही येत नाही. दोर अगदीच सैल सोडला तर ते गटांगळ्या खाते. नाकातोंडात थोडे पाणी जाऊ द्यावयाचे, परंतु जीव घाबरण्यापूर्वी दोर ओढावयाचा, यात शिकविणाऱ्याचे सारे कसब असते. स्वतः उत्तम पोहणाऱ्या माणसाला ते असतेच असे नाही. तांबरमला जे शिकवितात ते हेच. विद्यार्थी चुकत असता हात मांडीवर ठेवून बसावयाचे, आणि नेमक्या क्षणी ते उचलावयाचे.

विमानविद्येत ही दृष्टी आणली ती रॉबर्ट स्मिथ-बॅरी या इंग्रज अधिकाऱ्याने. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉसपोर्ट येथे त्याने आपली पद्धत सिद्ध केली. तोपर्यंत शिकविणारा मुख्य जागेवर बसे आणि विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवणे म्हणजेच शिक्षण, अशी समजूत होती. स्मिथ-बॅरीने विद्यार्थ्याला चालकाच्या जागेवर बसविले, दोघांना जोडनियंत्रणे दिली, बोलण्यासाठी मध्ये एक रबरी नळी लावली आणि धोका टाळण्याऐवजी तो मुद्दाम ओढवून घेऊन त्यातून बाहेर कसे पडावे हे शिकविले. गिरकी घेत खाली पडणारे विमान सावरता येते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी कळू लागले. ही पद्धत पुढे जगभर गेली. पंख्याच्या विमानांच्या काळात तिने उत्तम काम दिले.

नंतर जेट विमान आले, आणि काठावरच्या माणसाच्या हातातला दोर एकाएकी आखूड झाला.

भारतात जेट युगाचा आरंभ झाला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये. ब्रिटिश बनावटीची पहिली व्हॅम्पायर विमाने त्या महिन्यात देशात आली आणि हवाई दलाच्या सातव्या स्क्वाड्रनकडे ती सोपविण्यात आली. त्यावेळी व्हॅम्पायरचा प्रशिक्षणासाठी केलेला जोड-आसनी प्रकार जगात कोठेच निर्माण झालेला नव्हता. इंग्लंडमध्ये तो प्रथम उडाला १९५० साली. म्हणजे १९४८ सालच्या वैमानिकाला जमिनीवर सारे समजावून देत, पुस्तिका वाचावयास लावीत, आसनावर बसवून डोळे मिटून प्रत्येक कळ चाचपावयास सांगत. आणि मग तो एकटाच वर जाई. व्हॅम्पायरवरचे त्याचे पहिले उड्डाण हेच त्याचे पहिले स्वतंत्र उड्डाण असे. १९५३ साली फ्रान्सहून ‘तूफानी’ आले. १९५७ साली मिस्तेर, हंटर आणि कॅनबेरा ही तीन विमाने लागोपाठ आली आणि १९५८ साली नॅट आले. दहा वर्षांत एका हवाई दलाने किती उंच उड्या घेतल्या हे यावरून दिसेल. सिकंदराबादजवळच्या हकीमपेट येथे जोड-आसनी व्हॅम्पायरवर जेटचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा कोठे त्या उड्यांना पायऱ्यांचा आधार मिळू लागला.

जुन्या वैमानिकाला जेट विमान प्रथम फार सोपे वाटे. पंख्याची थरथर नाही, नाकाशी फिरणारा अडथळा नाही, यंत्राचे ओढ घेणे नाही. फसगत होती ती येथेच. पंख्याच्या विमानात शक्तिदांडा पुढे लोटला की पंखा लगेच वारा कापू लागतो आणि तो वारा पंखांवरून वाहिल्याने विमानाला तत्काळ उचल मिळते. सुरुवातीच्या जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण शक्तीवर येण्यास कित्येक सेकंद लागत. शिवाय दांडा घाईने लोटला तर ते बंद पडण्याचे भय. धावपट्टीच्या अलीकडेच आपण खाली येत आहोत असे ध्यानात आल्यावर शक्ती मागावी, तर ती येईपर्यंत जमीन येई. वेगाचा हिशेबही तसाच. ताशी ७०० किलोमीटर वेगाचे विमान एका सेकंदात सुमारे १९५ मीटर अंतर तोडते. ‘अरे, हे काय?’ असे म्हणण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाव किलोमीटर मागे पडलेले असते. जमिनीकडे झेपावणाऱ्या विमानातील उंचीमापक खऱ्या उंचीच्या मागे रेंगाळतो. त्यातून त्या काळच्या उंचीमापकाला तीन काटे असत. घाईत लहान काट्याकडे दुर्लक्ष झाले की उंची दहा हजार फुटांनी चुकीची वाचली जाई.

येथे एक गमतीची गोष्ट. तूफानी विमानाच्या इंजिनाचे नाव होते ‘नीन’. रोल्स-रॉइस कंपनी आपल्या जेट इंजिनांना इंग्लंडमधील नद्यांची नावे देत असे, त्यांतील ही एक नदी. इंग्रजी अक्षरांत हे नाव वाचणाऱ्या मराठी माणसाला मात्र ते थेट कोकणातले ‘नेने’ वाटते, आणि इंजिनाला चित्पावन आडनाव कसे मिळाले याचा अचंबा होतो. हेच इंजिन युद्धानंतर ब्रिटनने रशियाला विकले. रशियन अभियंत्यांनी त्याबरहुकूम आपले इंजिन बनविले आणि ते मिग-१५ या विमानात बसविले. तूफानी आणि मिग-१५ यांचे हृदय असे एकाच कुळीचे होते. त्या मिग-१५ चाच एक जोड-आसनी प्रकार पुढे या कथेत यावयाचा आहे.

प्रारंभीच्या जेट विमानांनी किती माणसे घेतली याची कल्पना ब्रिटिश हवाई दलातील एका विमानाच्या हिशेबावरून येते. ‘मीटिऑर’ म्हणजे उल्का. या नावाची सुमारे ८९० विमाने त्या दलाने अपघातांत गमावली. त्यांपैकी जवळजवळ १४५ एकट्या १९५३ साली. प्राणास मुकलेल्या वैमानिकांची संख्या ४५० च्या घरात जाते. यातील एक प्रकार विचार करावयास लावणारा आहे. मीटिऑरला दोन इंजिने असत. त्यांतील एक बंद पडले तर काय करावे, हे शिकविण्यासाठी शिक्षक उड्डाणात एक इंजिन मुद्दाम बंद करी. वेग अमुक एका मर्यादेखाली गेला की दुसऱ्या इंजिनाच्या जोराने विमान कलंडे आणि जमीन जवळ असल्यास सावरणे अशक्य होई. खरोखर इंजिन बिघडून जेवढी माणसे दगावली त्याहून अधिक, ते बिघडल्याचा सराव करताना दगावली. स्मिथ-बॅरीची पद्धत चुकीची नव्हती. परंतु मंद विमानात जो धोका हौसेने ओढवून घेता येई, तो जेटमध्ये ओढवून घेण्यापूर्वी पायाखाली किती उंची शिल्लक आहे हे आधी मोजणे भाग झाले.

अशा प्रत्येक अपघाताच्या कागदावर शेवटी दोन शब्द पडत: वैमानिकाची चूक. मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे हा निर्णय सर्वांच्या सोयीचा असे. १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकन संशोधकांनी वैमानिकांकडून त्यांच्या चुकांच्या हकीकती गोळा केल्या. एक कळ समजून दुसरी ओढणे आणि यंत्राची तबकडी चुकीची वाचणे अशा शेकडो हकीकती त्यांनी तपासल्या. त्यांत त्यांना असे दिसले की, निरनिराळी माणसे त्याच त्या ठिकाणी तीच ती चूक करतात. तेव्हा दोष माणसापेक्षा कळ व तबकडी यांच्या रचनेत असला पाहिजे. तीन काट्यांचा उंचीमापक त्यांच्या यादीत ठळकपणे होता. हा विचार मान्य होण्यास पुष्कळ वर्षे लागली.

शिक्षकाने बसावयाचे कोठे, हाही त्या काळी वादाचा विषय होता. जोड-आसनी व्हॅम्पायरमध्ये गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. विद्यार्थ्याचा हात कोठे आहे, त्याची नजर कोणत्या तबकडीवर आहे, चेहऱ्यावर घाम आला आहे काय, हे शिक्षकाला मान किंचित वळवून पाहता येई. भारताने स्वतः बनविलेल्या प्रशिक्षण-विमानांत हे दोन्ही प्रकार आढळतात, आणि दोन्ही एकाच मराठी अभियंत्याच्या हाताखाली आकाराला आले. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्यापाशी शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एच.टी.-२ या पंख्याच्या विमानाची रचना केली. ते १९५१ साली उडाले. त्यात आसने एकामागे एक होती. पुढे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण-विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली सिद्ध झाले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडविले. त्यात मात्र गुरूशिष्य शेजारी आले.

मिग-१५ च्या जोड-आसनी प्रकारात शिक्षक मागे बसे. त्याला दिसे ते पुढच्या माणसाचे शिरस्त्राण. चेहरा नाही, हात नाहीत. विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याला आपल्या हातातील दांड्याच्या हालचालीवरूनच ओळखावे लागे. कारण पुढचा आणि मागचा दांडा आतून एकाच जोडणीला बांधलेले असत. संकटात उडी मारण्यासाठी दोघांनाही बाहेर फेकणारी आसने होती, पण तीत एक क्रम होता. मागच्याने आधी बाहेर पडावयाचे, पुढच्याने नंतर. उलट झाल्यास मागच्याच्या जिवाला धोका. शिष्याला विमानात ठेवून गुरूने आधी निघून जावयाचे, असा तो नियम होता. यंत्राच्या दृष्टीने तो योग्यच असेल. माणसाच्या दृष्टीने तो पाळणे किती अवघड, हे सांगावयास नको.

अशाच एका विमानात, २७ मार्च १९६८ रोजी सकाळी, मॉस्कोजवळच्या चकालोव्स्की विमानतळावर दोन माणसे चढली. मागे बसले होते कर्नल व्लादिमिर सेर्योगिन. वय ४५. दुसऱ्या महायुद्धात जमिनीलगत हल्ला करणाऱ्या विमानांवर सुमारे दोनशे मोहिमा केलेले, सोव्हिएत संघाचे वीर म्हणून गौरविलेले, नंतर चाचणी-वैमानिक झालेले, आणि आता अंतराळवीरांना उड्डाणाचा सराव देणाऱ्या तुकडीचे प्रमुख. पुढे विद्यार्थ्याच्या जागी जो अधिकारी बसला होता त्याला पृथ्वीवरील बहुतेक माणसे चेहऱ्याने ओळखत होती. ते होते यूरी गागारिन.

१२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या या माणसाला पुन्हा विद्यार्थी होऊन बसण्याची वेळ का यावी? त्यातच त्यांच्या आयुष्याची शोकांतिका आहे. व्होस्तोक यानाचा सारा प्रवास स्वयंचलित होता. हाती नियंत्रण घ्यावयाचेच झाले तर त्याचे सांकेतिक आकडे एका बंद पाकिटात ठेवलेले होते. जगाने ज्यांना सर्वांत मोठा उड्डाणवीर म्हणून डोक्यावर घेतले, त्यांना त्या उड्डाणात दांडा हाती धरण्याचे काम पडलेच नव्हते. त्यानंतर सुरू झाले सत्कार. देशोदेशी मिरवणुका, हारतुरे, भाषणे. १९६१ च्या अखेरीस ते भारतातही येऊन गेले. मुंबईने त्यांचे प्रचंड स्वागत केले. या सगळ्यात विमान चालविण्याचे तास मात्र वजा होत गेले. एप्रिल १९६७ मध्ये त्यांचे सहकारी व्लादिमिर कोमारोव्ह सोयुझ यानाच्या अपघातात गेले. त्या उड्डाणासाठी गागारिन हे राखीव अंतराळवीर होते. राष्ट्राची अमूल्य ठेव म्हणून त्यांच्या पुढील अंतराळ-प्रवासाला मनाई झाली, आणि एकट्याने जेट विमान चालविण्याची मुभाही उरली नाही.

फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी झुकोव्स्की अकादमीची अभियंत्याची पदवी मिळविली आणि पुन्हा विमानाकडे वळले. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणकेंद्राचे ते उपप्रमुख होते. जो स्वतः उडत नाही त्याने इतरांच्या उड्डाणांवर सही करावी, हे त्यांना पटत नसे. तरुणपणी ओरेनबुर्गच्या विमानशाळेत असताना विमान नीट उतरविता येत नाही म्हणून त्यांचे नाव कमी होण्याची वेळ आली होती, असे सांगतात. उंची अवघी ५ फूट २ इंच. आसनावर एक जाड उशी टाकताच समोरची धावपट्टी नीट दिसू लागली आणि तो दोष नाहीसा झाला. केव्हा चूक माणसाची असते आणि केव्हा आसनाची, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

१३ ते २२ मार्च या दहा दिवसांत गागारिन यांनी शिक्षकांसह १८ उड्डाणे केली. एकूण सुमारे सात तास. २७ तारखेचे उड्डाण हे शेवटचे तपासणीचे होते. सेर्योगिन यांनी मान डोलावली की त्याच दिवशी त्यांना मिग-१७ घेऊन एकट्याने वर जावयाचे होते. दहा वाजून एकोणीस मिनिटांच्या सुमारास विमानाने जमीन सोडली. खाली ढगांचा एक थर, वर दुसरा, मधली जागा मोकळी, असे त्या दिवशीचे आकाश होते. पंखांखाली जादा इंधनाच्या टाक्या लावलेल्या होत्या. त्यांमुळे विमानाच्या तीव्र हालचालींवर मर्यादा येते. दहा वाजून तीस मिनिटांनंतर गागारिन यांचा शांत आवाज आला. नेमून दिलेल्या क्षेत्रातील काम पूर्ण झाले असून परतण्याची परवानगी हवी आहे, असे त्यांनी कळविले. परवानगी देण्यात आली. या संभाषणात भीती नव्हती, घाई नव्हती. त्यानंतर आकाशातून एकही शब्द आला नाही. सुमारे एका मिनिटात किर्झाचजवळच्या नोव्होस्योलोवो गावालगतच्या जंगलात विमान जमिनीवर आदळले.

प्रथम सापडले ते सेर्योगिन यांचे अवशेष. त्यामुळे गागारिन यांनी उडी मारली असावी अशी आशा रात्रभर जिवंत राहिली. बर्फाने भरलेल्या रानात सैनिक त्यांना शोधीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाच्या फांदीवर त्यांच्या जाकिटाचा तुकडा दिसला आणि शोध थांबला. ३० मार्च रोजी दोघांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या. विमानात एकामागे एक बसलेल्या गुरूशिष्यांना शेजार मिळाला तो असा.

चौकशी फार मोठ्या प्रमाणावर झाली. विमानाचे भाग वेचून आणले, चुरा चाळला, २९ खंडांचे कागद तयार झाले. इंजिन चालू होते. आग लागली नव्हती. शेवटच्या क्षणांत विमान झेपेतून वर उचलले जात होते, म्हणजे आत दांडा ओढणारे हात जागे होते. आणखी दोन-अडीचशे मीटर उंची मिळती तर ते बहुधा सरळ झाले असते. जेटच्या हिशेबात हा दोन सेकंदांचा प्रश्न.

इतके सारे हाती असूनही निष्कर्ष जाहीर झाला नाही. तो तिजोरीत गेला आणि ४३ वर्षे तेथेच राहिला. सत्य दडविले की त्याची जागा अफवा घेतात. कोणी म्हणाले, दोघे दारू प्यायले होते. कोणी म्हणाले, पृथ्वीवरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस पोरकटपणे विमान नाचवीत होता. पदव्या आणि पदके असलेल्या दोन माणसांची ही गत, तर हकीमपेटच्या किंवा दुसऱ्या कोठल्या शेतात पडलेल्या वीस वर्षांच्या शिकाऊ वैमानिकाची बाजू कोण मांडणार?

ती बाजू मांडण्याचे काम येथे एका शिक्षकानेच केले. सेर्गेई बेलोत्सेर्कोव्स्की हे वायुगतिशास्त्राचे प्राध्यापक. अकादमीत गागारिन त्यांच्या हाताखाली शिकले होते. १९८० नंतरच्या दशकात, अंतराळात प्रथम चाललेले अलेक्सेई लिओनोव्ह यांच्यासह त्यांनी ते सारे गणित पुन्हा केले. विमानाजवळून दुसरे विमान गेले असल्यास त्याच्या मागच्या भोवऱ्यात सापडून ते गिरकीत जाऊ शकते. ढगाचा तळ कळविला होता त्यापेक्षा खाली असल्यास, ढगातून बाहेर येताच आता पुरेशी उंची आहे असे समजणाऱ्या वैमानिकाला प्रत्यक्षात ती नसते. हवामानाची अचूक माहिती वैमानिकांच्या हाती वेळेवर पडली नव्हती, यावर त्यांनी बोट ठेवले. लिओनोव्ह अपघाताच्या दिवशी किर्झाच येथेच हवाईछत्रीच्या सरावावर होते आणि त्यांनी दोन धडाके ऐकले होते. एक सुखोई विमान मिगच्या अगदी जवळून गेले, असे त्यांनी २०१३ साली स्पष्ट सांगितले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०११ साली, अंतराळ-उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी सरकारने जुना निष्कर्ष खुला केला होता. हवामानाचा फुगा चुकविण्यासाठी, अथवा ढगाच्या वरच्या कडेत शिरणे टाळण्यासाठी, एकाएकी वळण घेतल्यामुळे विमान ताब्याबाहेर गेले असावे, असे त्यात म्हटले होते. ‘असावे’ या शब्दापाशीच तो थांबतो.

काहीही असो, या साऱ्या उपपत्तींत एक गोष्ट समान आहे. उड्डाणात नवखेपणाची चूक कोणालाच दाखविता आलेली नाही. मागे बसलेला माणूस रशियातील उत्तम शिक्षकांपैकी एक होता. त्याच्या हाती दोर होता. पण विहिरीचे पाणी किती खोल आहे हे ज्यांनी सांगावयाचे ते काठावर नव्हते, तर दूर जमिनीवर, हवामानाच्या खोलीत आणि नियंत्रणाच्या टेबलाशी बसले होते.

भारतीय हवाई दलाला हाच प्रश्न निराळ्या रूपाने भेडसावला. शिकाऊ वैमानिक किरणवरून उतरून थोड्याच पायऱ्यांनंतर मिग-२१ मध्ये बसे. त्या विमानाचा उतरतानाचा वेगच ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. मधली पायरी गाळलेली होती. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी डेनिस ला फोन्टेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अपघातांचा अभ्यास करून सांगितले की, प्रगत प्रशिक्षणासाठी वेगळे जेट विमान हवे. शिफारस झाली. हॉक विमानांचा करार मात्र झाला २००४ साली, आणि मराठी मुलुखाच्या सीमेवरील बीदर येथे ती विमाने प्रशिक्षणाला लागली २००८ साली. मधल्या पंचवीस वर्षांत किती घरांत तार आली! मिग-२१ च्या अपघातात मुलगा गेलेल्या एका मराठी मातेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला, ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द स्वीकारण्यास नकार दिला आणि वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला. बेलोत्सेर्कोव्स्कींनी गणिताने जे केले ते तिने केवळ हट्टाने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

तांबरमच्या शाळेत शिक्षक होऊ घातलेला वैमानिक पहिल्या दिवशी बसतो तो त्याला अपरिचित असलेल्या जागेवर. समोरची धावपट्टी निराळ्या कोनातून दिसते, आणि इतक्या वर्षांचा अनुभव असूनही विमान जमिनीवर नीट टेकत नाही. शेजारचा ज्येष्ठ शिक्षक मुद्दाम विद्यार्थ्याचे सोंग आणतो आणि विद्यार्थी करतील त्या सर्व चुका एकामागून एक करून दाखवितो. ती चूक किती पुढे जाऊ द्यावयाची, हे नव्याने ठरवावयाचे असते. ताबा घेताना आणि देताना मोठ्याने ठरलेले शब्द उच्चारावयाचे असतात: ‘आता ताबा माझा’, आणि दुसऱ्याने, ‘होय, ताबा तुमचा’. जगभरच्या जोड-आसनी विमानांत हा रिवाज आहे. दोन माणसांनी एकाच वेळी दांडा ओढू नये आणि दोघांनीही तो सोडू नये, एवढ्यासाठी तो आहे.

नोव्होस्योलोवोच्या रानात सापडलेले दोन्ही दांडे एकाच जोडणीला बांधलेले होते. शेवटच्या त्या दोन सेकंदांत विमान वर उचलणारा हात पुढच्या आसनावरचा होता की मागच्या, हे त्यांवरून ओळखता येत नाही.